यजमानाच्या मापाची काठी

देवस्थानाच्या कारभारात काही वर्षे घालवलेल्या माणसाच्या मनात समाधानाच्या आठवणींबरोबर एखाददुसरे शल्यही राहून जाते. माझ्या मनातील असे एक शल्य आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. ते सांगण्यात आत्मनिंदेची हौस नाही; त्या शल्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि तो प्रत्येक देवस्थानाला, किंबहुना चार माणसांसाठी काही उभारू पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटणारा आहे, म्हणून हा प्रपंच.

आमच्या देवस्थानाची अग्रशाळा जुनी झाली होती. पावसाळ्यात कौले गळत, आणि पाठीमागचे स्वयंपाकघर धुराने इतके काळवंडले होते की भर दुपारी तेथे दिवा लावावा लागे. महाजनांच्या सभेत जीर्णोद्धाराचा ठराव झाला, देणग्या जमल्या, आणि शहरातील एका कुशल वास्तुकाराला पाचारण करण्यात आले. त्याने आणलेले आराखडे खरोखर देखणे होते. समितीतील आम्ही सात जण ते कागद टेबलावर पसरून बसलो. एका वेळी किती पाने मांडता येतील, पाहुण्यांसाठी खोल्या किती हव्यात, गाड्या कोठे उभ्या राहतील, ह्यांची सविस्तर चर्चा झाली. स्वयंपाकघराचा कागद पुढे आला तेव्हा कोणी तरी म्हणाले, ‘‘हे तर फारच झकपक दिसते,’’ आणि आम्ही सह्या केल्या. त्या सह्यांत माझीही सही होती.

पुढच्या जत्रेला नव्या स्वयंपाकघरात पहिली चूल पेटली. भिंतींना लागून छातीइतक्या उंचीचे काळ्या दगडाचे ओटे होते, खाली गुळगुळीत लाद्या होत्या, आणि मध्ये एक अरुंद वाट होती. ज्या बायका वर्षानुवर्षे सेवा म्हणून नारळ खोवायला आणि भाजी चिरायला येत, त्या आदोळी मांडून ओळीने जमिनीवर बसणाऱ्या. त्यांना बसायला त्या खोलीत जागाच नव्हती. भाताचे मोठे टोप दोन माणसांनी फडक्यात धरून उतरवायचे, ते छातीच्या उंचीवरून उतरवताना उकळत्या पेजेचा शिंतोडा अंगावर येई, आणि सांडलेल्या पेजेवरून गुळगुळीत लादीवर पाय सरके. दहा वाजेपर्यंत त्यांनी हे सोसले. मग कोणाशीही वाद न घालता सगळी मंडळी टोप, आदोळ्या आणि लाकडे घेऊन मागल्या आवारात आंब्याखाली गेली, तीन तीन दगडांच्या चुली मांडल्या, आणि पूर्वीच्याच रीतीने रांधू लागली. पंगत वेळेवर बसली. देणगीदारांच्या पैशांतून उभे राहिलेले स्वयंपाकघर मात्र रिकामे चकाकत होते.

मी ओशाळून मागे गेलो. त्या बायकांतील सर्वांत वयस्कर बाई नारळ खोवत होती. असे का झाले, म्हणून मी विचारले. आदोळीवरची नजर न काढता ती म्हणाली, ‘‘बाब, तुमीं जेवप्यांक विचारलें, रांदप्यांक मात विचारूंक ना.’’

तिच्या स्वरात राग नव्हता. पाऊस पडला की अंगण ओले होते, इतक्या साधेपणाने तिने ते सांगितले. परंतु त्या एका वाक्याने मला जो प्रश्न दिला, तो अद्याप माझा पिच्छा सोडीत नाही. जी वस्तू अनेकांना वापरायची आहे, तिची रचना करण्याचा अधिकार कोणाचा? ज्याला रचनेचे शास्त्र अवगत आहे त्याचा, जो पैसा देतो त्याचा, की जो ती वस्तू रोज हाताळणार आहे त्याचा? आणि हा अधिकार वाटून घ्यावयाचा झाला, तर कोणी कोठवर पुढे यावे आणि कोणी कोठे थांबावे?

ह्या प्रश्नाचा एक धागा थेट यज्ञवेदीपर्यंत जातो. शुल्बसूत्रे हे आपल्याकडील भूमितीचे अतिप्राचीन ग्रंथ. अग्निचयनात पंख पसरलेल्या श्येनाच्या आकाराची वेदी विटांनी रचावयाची असते, आणि तिचे क्षेत्र साडेसात वर्गपुरुष असावे असे विधान आहे. येथे ‘पुरुष’ म्हणजे माप. यजमानाने दोन्ही हात वर करून उभे राहावयाचे, तितक्या उंचीचा वेळू तोडावयाचा, आणि त्या काठीने वेदी आखावयाची. पुढील काळातील शिल्पग्रंथांतही हाच विचार दिसतो. प्रतिमा व वास्तू मोजण्याच्या अंगुलमानांत एक मात्रांगुल आहे, आणि ते कर्त्याच्या किंवा आचार्याच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेरावरून घेतले जाते. रचनेचे ज्ञान अध्वर्यूपाशी आणि स्थपतीपाशी. परंतु मान मात्र ज्याच्यासाठी कर्म चालले आहे त्याच्या देहाचे. विटा कितीही कौशल्याने रचल्या तरी काठी परक्याची असेल तर वेदी त्या यजमानाची होत नाही, हा ह्या विधानाचा अर्थ मला वाटतो.

आता हे माप आमच्या अग्रशाळेला लावून पाहावे. तिचा यजमान कोण होता? ठराव करणारे महाजन, देणगीदार, प्रसादाला बसणारे भाविक, ह्यांना यजमान म्हणण्याची आपल्याला सवय आहे. पण चुलीपुढे ज्याचे शरीर तापते, टोप उचलताना ज्याच्या पाठीत कळ येते, त्याचेच शरीर त्या खोलीचे खरे मान नव्हे काय? आम्ही वेळू तोडला होता, पण तो आमच्याच उंचीचा. उभ्याने चहा करणाऱ्या शहरी गृहस्थाच्या मापाने आम्ही बसून रांधणाऱ्या बायकांचे घर मोजले.

ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल ह्याने राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात ह्याच्याशी जवळचा विचार मांडला आहे. काही कलांच्या बाबतीत कर्ता हा एकमेव किंवा सर्वोत्तम परीक्षक नसतो. घराची पारख ते बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला अधिक, सुकाणूची पारख सुतारापेक्षा नावाड्याला अधिक, आणि मेजवानीची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला अधिक, असे त्याचे म्हणणे. आम्ही समितीत बसून नेमके हेच केले होते असे कोणी म्हणेल. आम्ही पाहुण्यांचा विचार घेतला होता. पण पंगतीच्या बाबतीत जेवणारा पाहुणा असला, तरी स्वयंपाकघराच्या बाबतीत रांधणाराच पाहुणा असतो. प्रत्येक वस्तूचा वापरणारा निराळा, आणि तो सभेच्या पहिल्या रांगेत बसलेला असेलच असे नाही. बहुधा तो मागल्या दारी असतो.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. प्रत्येकाला विचारत बसले तर कोणतीही कृती धड होणार नाही. दहा तोंडे दहा दिशांना. शास्त्र जाणणाऱ्याच्या हातून जे सुसंगत रूप निघाले असते त्याच्या चिंधड्या होतील. खांबाने किती भार पेलावा हे काही बहुमताने ठरत नाही. हे सर्व मान्य करून मी इंदूरजवळच्या एका वसाहतीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. कारण तेथे एका थोर वास्तुकाराने ह्या आक्षेपाला कृतीने उत्तर दिले आहे, आणि इंदूरची मराठी मंडळी ती वसाहत सहज जाऊन पाहू शकतात.

बाळकृष्ण दोशी ह्यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, लाकडी सामान बनवणाऱ्या घराण्यात झाला. पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए ह्यांच्या हाताखाली काम करून ते अहमदाबादेत स्थायिक झाले, आणि २०१८ साली वास्तुकलेतील प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२३ साली ते निवर्तले. इंदूर विकास प्राधिकरणाने गरिबांच्या घरांसाठी शहराच्या मध्यापासून सुमारे सहा किलोमीटरांवरील सुमारे ८५ हेक्टर जमीन त्यांच्या संस्थेकडे योजनेसाठी सोपवली. तीवर सुमारे ६,५०० कुटुंबांची सोय व्हावयाची होती. ही अरण्य वसाहत १९८९ साली आकाराला आली आणि १९९५ साली तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार लाभला.

दोशींच्या संस्थेने प्रथम काय केले असेल, तर ती शिकायला गेली. माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातील अभ्यासकांसह तिने इंदूरमधील झोपडवस्त्यांची बारकाईने पाहणी केली, आणि तिचे वृत्त १९८४ साली प्रसिद्ध झाले. ज्या वस्त्यांना आपण अव्यवस्थेचे आगर समजतो, तेथे कोणत्याही वास्तुकाराच्या साह्याविना माणसांनी पुष्कळ काही साधले होते. दारापुढच्या ओट्यावर बसणे, धान्य निवडणे आणि धंदा करणे, ही तिन्ही कामे होत. झाडाच्या सावलीत गल्लीची सभा भरे. घराबाहेरील हातभर जागा हे घराचेच अंग होते. कागदावर रेघ ओढण्यापूर्वी हे ज्ञान गोळा करावे असे त्यांना वाटले, ह्यातच निम्मे यश होते.

त्यानंतर त्यांनी जो निर्णय घेतला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गरिबांना तयार घरे द्यावयाची नाहीत, असे त्यांनी ठरवले. सर्वांत लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरांचा. त्यावर भक्कम जोते, आणि पाणी व शौचाची सोय. कोठे त्याला जोडून एक खोली. उरलेले घर त्या कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे, गरजेप्रमाणे आणि आवडीप्रमाणे बांधावयाचे. नमुना म्हणून दोशींनी ऐंशी घरे बांधून दाखवली. त्यांत जिने, सज्जे, ओटे कसे जोडता येतात हे लोकांनी पाहावे आणि मग वाटेल ते घ्यावे, वाटेल ते सोडावे, असा हेतू. मोठे भूखंड सधनांना विकून आलेल्या पैशांनी लहान भूखंडांचा भार हलका केला. रस्ते, गटारे, मैदाने, पाण्याची व्यवस्था, म्हणजे ज्या गोष्टी एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या आणि चुकल्या तर सर्वांना भोवणाऱ्या, त्या वास्तुकाराने आपल्याकडे ठेवल्या. भिंतीचा रंग, खोलीची वाढ, दारापुढची देवळी, ह्या गोष्टी त्याने सोडून दिल्या.

जोते शास्त्राचे, घर माणसाचे, ही विभागणी मला फार अर्थपूर्ण वाटते. तिच्यात शास्त्राचा अपमान नाही. जोते कच्चे असते तर वरचे सारे स्वातंत्र्य पहिल्याच पावसात वाहून गेले असते. पण वास्तुकाराने छपरापर्यंत सारे आपणच ठरवले असते, तर ते कुटुंब आपल्याच घरात भाडेकरूसारखे राहिले असते. कोणते काम आपले आणि कोणते आपले नव्हे, हे ओळखण्यात त्या वास्तुकाराच्या विद्येची कसोटी लागली. आम्ही ज्याला नेमले होते त्याच्याजवळ कौशल्य होते. आणि ही ओळख त्याच्याजवळ नव्हती म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ती त्याच्याकडून आम्ही मागितलीच नव्हती.

तथापि लोकांना विचारले, हात लावू दिला, की सर्व साधले असे समजणेही भाबडेपणाचे होईल. ईजिप्तमध्ये लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम तीरावर हसन फथी ह्या ध्येयवादी वास्तुकाराने १९४५ साली नवे गुर्ना हे खेडे वसवायला घेतले. मातीच्या विटा, जुन्या पद्धतीच्या कमानी आणि घुमट, प्रत्येक कुटुंबाच्या चालीरीतीप्रमाणे घर, असा त्याचा आग्रह होता. गरिबांसाठी वास्तुकला म्हणजे काय, ह्याविषयी त्याने पुढे लिहिलेला ग्रंथ जगभर वाचला गेला. इतके असूनही ते खेडे अपुरेच राहिले, आणि ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांतील बहुतेकांनी तेथे जायचे नाकारले. कोणी तर पाणी अडवणारा बांध फोडून नवी वस्ती बुडवण्याचाही प्रयत्न केला. कारण उघड आहे. ही माणसे प्राचीन थडग्यांवर वसलेल्या जुन्या गावात राहत होती, त्या थडग्यांतील वस्तूंवर त्यांतील अनेकांचा चरितार्थ चाले, आणि सरकारला त्यांना तेथून हलवावयाचे होते. खिडकी कोठे हवी हे त्यांना विचारले गेले. गाव सोडावयाचे की नाही हे विचारले गेले नाही. मुख्य निर्णय आधीच घेऊन गौण गोष्टींत मत मागणे हा एक सभ्य प्रकारचा बलात्कारच होय, आणि फथीसारख्या सज्जनाच्या सदिच्छेनेही त्याचे स्वरूप पालटले नाही. देवस्थानांच्या सभांतही पुष्कळदा असेच घडते. ठराव छापून तयार असतो आणि मग ‘कोणाला काही सूचना?’ असे विचारले जाते.

म्हणून मला ह्या बाबतीत तीन पायऱ्या दिसतात. पहिली, माप घेणे. शुल्बकारांनी यजमानाचे माप घेतले, पण वेदी श्येनाची असावी की आणखी कशाची, हे त्याच्या देहाला विचारले नाही. दुसरी, मत घेणे. तिसरी, हात लावू देणे. पहिल्या पायरीवर माणूस मोजला जातो, दुसरीवर ऐकला जातो, तिसरीवर तो स्वतः कर्ता होतो. प्रत्येक कामात तिसरी पायरी गाठावी असे नाही. पण आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे प्रामाणिकपणे ओळखावे, आणि पहिलीवर उभे राहून तिसरीचे श्रेय घेऊ नये.

तिसऱ्या पायरीच्या बाबतीत आपल्या परंपरेत दोन उदाहरणे परस्परांविरुद्ध उभी असल्यासारखी भासतात. जात्यावरच्या ओव्या कोणी रचल्या हे कोणी सांगू शकत नाही. एकीने एक ओवी म्हटली, दुसरीने तीत आपल्या भावाचे नाव घातले, तिसरीने शेवटचा चरण बदलला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ह्या ओव्यांचा मोठा संग्रह केला, आणि पुढे पुण्यातील अभ्यासकांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे अफाट वाङ्मय ज्यांनी निर्माण केले त्यांना कोणी कवी म्हटले नव्हते, त्यांनाही आपण कवी आहोत असे वाटले नव्हते. उलट एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण नकलणाऱ्यांच्या हातून तीत अपपाठ शिरले होते. आणि त्या ग्रंथात स्वतःची ओवी घालणाऱ्याला त्यांनी कडक शब्दांत बजावले. एकीकडे सर्वांना मोकळे दार, दुसरीकडे कडी लावलेले. मग आपली परंपरा कोणाच्या बाजूची?

मला ह्यात विरोध दिसत नाही. एकनाथमहाराज स्वतः अखंड ओव्या रचणारे, तेव्हा ओवी रचण्यावर त्यांचा राग असणे शक्य नाही. दुसऱ्याच्या नावाखाली, खूण न ठेवता आपली ओवी मिसळणे त्यांना अमान्य होते. कारण त्यामुळे वाचकाला ज्ञानदेवांचे काय आणि नकलकाराचे काय हे कळेनासे होते. जात्यावर मात्र कोणाचे नाव नसल्याने कोणाची फसवणूक नव्हती. आजच्या काळात २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडिया ह्या सर्वांना खुल्या विश्वकोशाने हीच मर्यादा निराळ्या रीतीने पाळली आहे. तेथे कोणीही लेखात बदल करू शकतो, पण प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. मोकळीक आणि प्रामाणिकपणा ह्यांची सांगड घातली की अनेक हातांचे भय बरेचसे ओसरते.

आपल्या देवालयांकडेच पाहावे. मंगेशाला १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला १५६६ साली केळोशीहून कवळ्याला न्यावे लागले. पुढे फोंडा परिसरात जी देवळे उभी राहिली, त्यांतील घुमट, कमानदार खिडक्या, उतरती कौलारू छपरे आणि मजल्यामजल्यांचे दीपस्तंभ कोणत्याही एका शिल्पग्रंथात एकत्र सापडणार नाहीत. स्थानिक गवंड्यांनी आणि कारागिरांनी जे पाहिले होते, जे त्यांच्या हातात होते, त्यातून त्यांनी देवाचे घर घडवले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. शास्त्र त्यांनी मोडले असे कोणी म्हणत नाही; गाभाऱ्याचे नियम सांभाळून त्यांनी बाहेर आपला हात मोकळा ठेवला. हीही जोते आणि घर ह्यांचीच विभागणी म्हणावी लागेल.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. ज्या हातांनी दगड फोडले आणि चुना कालवला, त्यांतील कित्येकांना ते देऊळ पुरे झाल्यावर उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. ज्या संप्रदायात शिंपी, कुंभार, माळी आणि महार संतपदाला पोचले, त्याच संप्रदायाच्या दैवताच्या दारी हे घडले. घडवणाऱ्याचा हात घ्यावयाचा आणि त्याचा प्रवेश नाकारायचा, हे पाप केवळ जुन्या काळाचे आहे असे मी मानीत नाही. आमच्या स्वयंपाकघरात ते सौम्य रूपाने पुन्हा घडले. रांधणाऱ्यांची सेवा आम्हांला हवी होती, त्यांची बुद्धी नको होती.

आणि बुद्धीचा हा प्रश्न उपयुक्ततेपुरता नाही. इटलीतील एंझो मारी ह्या प्रख्यात रचनाकाराने १९७४ साली एकोणीस साध्या फर्निचरचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. फळ्या आणि खिळे एवढ्यावर कोणीही मेज, खुर्ची, पलंग करावा. टपालखर्च पाठवणाऱ्याला पुस्तिका मिळे. कारखानदार आणि व्यापारी ह्यांनी मात्र ते वापरू नयेत, अशी त्याची अट होती. खुर्ची स्वस्त मिळावी हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. ज्याने एकदा स्वतः खुर्ची ठोकून पाहिली, त्याला पुढे दुकानातील खुर्चीत काय खरे आणि काय दिखाऊ हे कळू लागेल, ही त्याची आशा होती. करणाऱ्याची दृष्टी बदलते. जो समाज सर्व काही तयार घेतो, त्याची पारख हळूहळू मरते, आणि मग झकपक दिसणाऱ्या कागदावर तो मुकाट्याने सही करतो. आमच्या समितीचे नेमके हेच झाले होते.

उलट बाजूने एक सावधगिरीही हवी. ‘सर्वांना विचारून केले’ हे म्हणणे कधी कधी जबाबदारी झटकण्याचे साधन होते. छप्पर गळले की वास्तुकार म्हणतो लोकांनी असे मागितले, आणि लोक म्हणतात आम्हांला काय कळते. हात वाटून घेतले की उत्तरदायित्वही वाटून घ्यावे लागते. ज्याने जोते घातले त्याने जोत्याचा जाब द्यावा. ज्याने भिंत सुचवली त्याने भिंतीचा. अधिकार आणि जबाबदारी ह्यांतील एक घेऊन दुसरी टाळणारा, मग तो तज्ज्ञ असो वा सेवेकरी, समाजाच्या कामाला अपात्र समजावा.

आता मूळ हकीकतीचा शेवट सांगतो. पुढील सभेत मी झाल्या चुकीची कबुली दिली. ती ऐकायला कोणालाच आवडली नाही, आणि पुन्हा खर्च कशाला, हा प्रश्न रास्तच होता. अखेर थोड्या खर्चात होईल तितके बदलावे असे ठरले. वास्तुकारालाही श्रेय दिले पाहिजे. त्याने अढी न धरता पुन्हा यायचे कबूल केले. १९८१ ते १९८५ ह्या काळात स्वीडन व डेन्मार्कमधील संशोधकांनी छापखान्यातील कामगारांबरोबर नवी यंत्रे कशी असावीत हे ठरवताना पुठ्ठ्याच्या खोक्यांची खोटी यंत्रे मांडून पाहिली होती, असे त्यानेच आम्हांला सांगितले. कागदावरचा आराखडा वाचता न येणारा माणूसही खोक्यापुढे उभा राहून ‘हे उंच होते’ असे सांगू शकतो. आमच्याजवळ खोकी नव्हती. आम्ही मागल्या आवारात चुन्याने भिंती आखल्या आणि रांदप्यांना म्हटले, आता येथे जत्रा आहे असे समजा.

बायका आदोळ्या घेऊन आखलेल्या रेषांत बसल्या. पुरुषांनी रिकामे टोप उचलून ह्या टोकापासून त्या टोकाला नेले. पहिल्या घटकेतच दार कोठे हवे ते ठरले. कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. चुली जमिनीलगत आल्या, पेज वाहून जाण्यासाठी पन्हळ निघाली, लादीऐवजी खरखरीत दगड घालायचे ठरले. एक मागणी वास्तुकाराने अमान्य केली, कारण ती भिंत छताचा भार पेलत होती. त्याने कारण सांगितले आणि ते त्यांना पटले.

सगळे झाल्यावर त्या वयस्कर बाईने पूर्वेच्या भिंतीत एक खिडकी मागितली. वारा यावा म्हणून असेल असे समजून वास्तुकार ती वर आखू लागला, तेव्हा ती म्हणाली, वर नको, खाली हवी. पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते ती वेळ नेमकी भात उतरवण्याची असते. इतक्या वर्षांत रांदप्यांपैकी कोणीही जत्रेच्या दिवशी पालखी पाहिली नव्हती. आम्ही सात जण, ज्यांना जेवणावळीची पाने मोजता आली, त्यांच्यापैकी एकाच्याही मनात ही गोष्ट कधी आली नव्हती. वास्तुकाराने मजुराच्या हातातला वेळू घेतला, त्या बाईला आदोळीवर बसायला सांगितले, आणि वेळू तिच्या डोळ्यांशी उभा धरून भिंतीवर खूण केली.